अठरा अंश

ब्रोकन हिलला डिसेंबरातली पत्र्याची शेड म्हणजे
चुलीवर चढवून कुणीतरी विसरलेलं पातेलं.
तिच्या मधोमध डेन्झिल, माझा बाप,
प्लायवूडवर बोटाने ठोकत म्हणतो, अठरा.
एकोणीस चालवून घेऊ.
पंचविसाला बिअरला केळ्याचा वास येतो,
तिसाला नेलपॉलिशचा.
बाहेर त्रेचाळीस आहे.

पेटीच्या एका कुशीला दार काढलेला बारका फ्रिज,
थर्मोस्टॅट मत्स्यालयाच्या दुकानातला,
आणि सगळ्या बाजूंनी थर्मोकोल,
मासळीवाल्या स्टाव्ह्रोसची खोकी फाडून आणलेला.
अजून कोळंबीचा वास आहे त्याला.
आईने ब्लँकेट द्यायला साफ नकार दिला:
"चाळीस बाटल्यांसाठी माझं लग्नातलं पांघरूण?"
तो म्हणाला, लोकरीचा उपयोगही नाही.
दमट झाली की ती शत्रूला जाऊन मिळते.

एकतीस वर्षं जमिनीखाली काढलेला माणूस
हवेवर विश्वास ठेवत नाही.
आगकाडी पेटवतो, फुंकतो,
धुराचा धागा सांध्यांवरून हळू नेतो.
धागा वाकला की पेन्सिलीने फुली.
सात फुल्या झाल्या.
सातही ठिकाणी डब्यातला फोम मारला;
तो फुगला, ओघळला, माझ्या केसांत बसला.
कात्रीने कापावा लागला.
बापाने कापला. वाकडा.

रात्री उलटी परीक्षा:
पेटीत टॉर्च लावून ठेवायचा,
झाकण घट्ट, शेडमधला दिवा मालवायचा.
अंधारात आम्ही दोघं वाट पाहत उभे
की आमची चूक आपण होऊन उजळावी.
उजळली. बिजागरीपाशी,
कापलेल्या नखाएवढी.
"हां," तो म्हणाला, "ही."
आणि तिच्याकडे पाहतच राहिला. मीही.
टेप कुणीच पुढे केली नाही.

मी विचारलं, एवढा खटाटोप थंडी कोंडायला?
ऐकू गेलं नाही. त्याचे कान
ड्रिलने कधीच खाल्लेत. दुसऱ्यांदा ओरडले.
"थंडी कोंडत नाही कुणी. थंडी अशी वस्तूच नसते.
धग आत यायला बघते, आणि येणारच.
आपण तिला उशीर करायचा.
एवढं सगळं थर्मोकोल म्हणजे नुसता उशीर, पोरी."

स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर, टोमॅटो सॉसच्या बाटलीमागे,
तीन आठवडे एक पाकीट पडलंय,
ॲडलेडच्या हॉस्पिटलचा शिक्का असलेलं,
न फोडलेलं.
मी टेपची कड नखाने सोडवत राहिले.
ती नेहमी नको तिथेच फाटते.

तिसऱ्या दिवशी आत कायबाय सुरू झालं.
पेटी उघडायची नाही, असा हुकूम;
उघडली की दोन अंश गेलेच म्हणून समजा.
म्हणून नळी बाहेर काढून
बीटरूटच्या जुन्या बरणीत, पाण्यात सोडलेली.
गुळुप.
मग बराच वेळ काही नाही. मग गुळुप, गुळुप.
मला ऐकू येतं. तो खाली बसतो, गुडघे वाजवत,
आणि दोन बोटं बरणीच्या काचेवर ठेवतो,
डोळे मिटून,
ओठांनी मोजत.

"मिनिटाला बावीस," म्हणाला.
मला एकवीसच ऐकू आले होते.
पुन्हा मोजायला मी त्याच्या शेजारी बसले,
शेडमध्ये चव्वेचाळीस अंशांत,
कानांवर हात ठेवून,
दोन बोटं काचेवर.