तिसरा रकाना

आमच्या सातपूरच्या ऑफिसात महिना कधी एका दिवशी संपत नाही.
पुएब्लाचा पगार पंधरवड्याला,
ग्यॉरचा पुढच्या दहा तारखेच्या आत,
हायफाँगला टेटच्या आधी तेरावा.
इथल्यांचा सातला, आणि सात रविवारी आली
की वॉचमनसकट सगळी तोंडं माझ्या टेबलाकडे.
पैसे कंपनीचे. चूक तेवढी माझी.

निवृत्ती किसन गांगुर्डे, टोकन एकोणीसशे सात.
बावीस वर्षं इथे लेथवर, मग चार वर्षं हंगेरीत,
ग्यॉरच्या पोरांना व्हॉल्व्हची सीट घासायला शिकवायला.
तिथल्या इल्दिकोनं भाषांतराच्या यंत्रात नाव टाकलं.
म्हणाली, रिटायरमेंट कळली,
पण माणसाचं नाव कुठाय?

अठ्ठावन्नला इकडची पेन्शन लागली:
दोन हजार एकशे चाळीस.
बीपीच्या गोळ्या, नातीची रिक्षा, संपली.
तिकडची पासष्टला.
मधली सात वर्षं दर दिवाळीला
ते गेटवर येऊन विचारून जायचे,
"मॅडम, ती चार वर्षं आहेत ना जागेवर?"
जशी काही स्टँडला लावलेली सायकल.

यंदा पासष्ट झाली. फॉर्म आला.
नाव. जन्मतारीख. आणि तिसराच रकाना:
आईचं जन्माचं नाव.
इल्दिकोला विचारलं, हे कशाला?
ती म्हणाली, कशाला म्हणजे?
आमच्याकडे त्याशिवाय माणूस सापडत नाही.

फोन लावला.
"लक्ष्मीबाई किसन गांगुर्डे," ते म्हणाले.
ते नको काका, लग्नाआधीचं.
पलीकडे नुसता कुकर वाजत राहिला.
"लक्ष्मी तिला इथे केली. तांदळात लिहून.
आधी कोण होती,
कुणी विचारलंच नाही कधी."

शाळेच्या दाखल्यावर आई नव्हतीच.
रेशनकार्डावर होती, सासरची.
मामांनी हक्कसोड करून घेतलं त्या कागदावर
लक्ष्मीबाई भ्र. किसन,
आणि खाली निळा अंगठा.
अंगठ्याला तरी ठाऊक असणार.

ओझरला मावशी निघाली, नव्वदीची, कानानं अधू.
तीनदा ओरडून विचारलं.
चौथ्यांदा ती बोळकं पसरून हसली
आणि अंगणातूनच हाक घातली,
द्राक्षबागेच्या पार पलीकडे कुणी उभं असल्यासारखी:
"ठके! ए ठके!"

दुसऱ्या दिवशी गांगुर्डे पपया नर्सरीपासून चालत आले,
मफलर कानाला, थंडी नऊ अंशांची.
बसा म्हटलं तर बसले नाहीत.
लाइटबिलाच्या पाठीवर लिहून आणलं होतं,
वळणदार, दोनदा गिरवलेलं:
ठकूबाई सावळीराम ढिकले.
"स्पेलिंग नीट घाला, मॅडम.
पहिल्यांदाच छापून येतंय तिचं."

घातलं. वाचून दाखवलं. परत वाचा म्हणाले.
पावणेपाचला ग्यॉरहून उत्तर: स्वीकृत.
फोरिंट मोडले की साडेपाच हजारांच्या आसपास.
त्यांनी रकमेकडे पाहिलं, मान हलवली,
आणि लाइटबिल परत मागून घेतलं.
भरायचं राहिलं होतं.

मग मी पुएब्लाच्या ओव्हरटाइमची वाट बघत बसले.
समोर रिकामा फॉर्म.
सहज माझ्या मुलीचं नाव टाकलं. जन्मतारीख.
तिसऱ्या रकान्यात
अकरा वर्षांनी माझं नाव लिहिलं, पूर्ण,
आडनावात एक अक्षर चुकलं, ते सुधारलं.
बंद करताना यंत्रानं विचारलं:
बदल जतन करायचे का?

तेवढ्यात पुएब्लाची फाइल पडली.
एकशे बारा माणसं. नऊ जणांचे तास चुकलेले.