पाच ठिपके

माझ्या मोटारसायकलला आरसा एकच, डावा.
उजवा गेल्या जुलैच्या बर्फात
मोकोत्लोंगच्या वळणावर राहिला.
पाठीवरची पेटी मात्र कधी पडू दिली नाही.

उतरताना पेटीत रक्त असतं, वाळलेलं.
जाड कागदावर पाच ठिपके, वाटाण्याएवढे,
बाळाच्या टाचेला टोचून घेतलेले.
चढताना पाकिटं असतात, बंद.
मेंढपाळ पोरं कांबळ्यातून काठ्या उंचावतात:
सेखोन्याना, काय नेतोस?
मक्याचं पीठ! मी ओरडतो.
ठिपक्यांना नाव असतं,
आणि नाव वाऱ्यावर सोडायचं नसतं.

आज एक नाव माझ्या घरचं आहे.

वेलकोमच्या खाणीत सात वर्षं काढली.
खाणीने हेल्मेट दिलं, बूट दिले, दिवा दिला.
खोल्यांच्या दाराशी फुकटच्या कंडोमचा डबा होता.
आम्ही त्यांचे फुगे केले
कुणाच्या तरी वाढदिवसाला.
दगड अंगावर येईल ही भीती पुरेशी होती,
आणखी एक कशाला बाळगा.
ईस्टरच्या सुटीत घरी आलो,
लिमाकात्सोला नवं ब्लँकेट आणलं
आणि त्यासोबत जे आणलं ते सांगितलं नाही.
मलाही माहीत नव्हतं.
हे खरं आहे, आणि पुरेसं नाही.

ती दिवस गेले म्हणून दवाखान्यात गेली,
बोटातला थेंब देऊन आली.
मग नर्स मांपेओने मलाही स्टुलावर बसवलं.
एचआयव्ही म्हणजे एड्स नव्हे, म्हणाली.
हा मेंढरंचोर आहे. आधी राखणीची कुत्री मारतो,
एकेक, वर्षानुवर्षं, आवाज न करता.
कुत्री संपली की कुणीही येतं,
साधा खोकलासुद्धा कळप घेऊन जातो.
तेव्हा त्याला एड्स म्हणायचं.
गोळी चोराला मारत नाही, बांधून ठेवते.
दोर रोज आवळायचा.
रोज म्हणजे? मी विचारलं.
तू रोज जेवतोस ना, ती म्हणाली.

आईने माझा मग वेगळ्या खिळ्याला टांगला.
लिमाकात्सोने तो काढला,
त्यातलं अर्धं आंबील प्याली,
आईच्या समोर, ओठ न पुसता.
कुणी काही बोललं नाही.
दुसऱ्या दिवशी खिळा रिकामा होता.

रात्री नऊला रेडिओवर हवामान सांगतात.
तिची गोळी, माझी गोळी.
खोपोत्सो झाली तेव्हा तिच्याही जिभेवर
सहा आठवडे थेंब थेंब कडू औषध;
असं तोंड वाकडं करायची की आम्ही हसायचो,
आणि हसलो म्हणून गप्प व्हायचो.
मशीनला आता आमच्या रक्तात विषाणू सापडत नाही.
गेला असं नाही. सापडत नाही.
त्या दोन वाक्यांमधल्या जागेत
आम्ही संसार मांडला आहे.

खिंडीत इंजिन बंद केलं.
पाकीट काढून सूर्यासमोर धरलं.
कागद जाड निघाला.
नियम मी केलेला नाही, पण नियम चांगला आहे:
स्वार उघडत नाही.
वारा इतका होता की माझंच नाव मला ऐकू आलं नसतं.
पाकीट आत ठेवलं, पेटीची कडी दोनदा पाहिली.

दवाखान्यात मांपेओ कात्री शोधते.
कात्री सापडत नाही.
दातांनी फाडते.
लिमाकात्सो खोपोत्सोला पाजत बसली आहे,
मान वर न करता.

निगेटिव्ह, मांपेओ म्हणते,
आणि श्वासही न घेता पुढे:
नऊ महिन्यांची झाली की परत आणायची,
दूध सुटल्यावर आणखी एकदा.
गोळी चुकवायची नाही. दोघांनीही.

मी हो म्हणतो. आणखी काय म्हणायचं ते सुचत नाही,
म्हणून मुलीची टाच हातात धरतो.
टोचल्याची खूणही राहिलेली नाही.

बाहेर पेटीत नवे कागद भरतो,
सात बाळं, पस्तीस ठिपके.
उतारावर घाई करायची नाही
असं स्वतःला बजावतो,
आणि करतो.