तीनशे बारावी तार

तो फणीच्या पुढं, मी मागं.
मधे दोन हजार चारशे तारा,
पावसाच्या धारांसारख्या वगैरे नाहीत,
तारांसारख्याच.
खळीनं ताठ, एकमेकींना चिकटलेल्या.
मी एक सोडवून द्यायची,
त्यानं वहीच्या डोळ्यातून हुक घालून ओढायची,
मग फणीच्या घरात.
"एक दे. एकच दे की."
सायन्ना मेरगू दिवसभर एवढंच बोलायचा,
आणि मी घाई केली की "मेल्लगा".
माझं तेलुगू तिथून सुरू झालं.

एका दुपारी तो तंबाखू मळत उठला
आणि मी पुढं जाऊन बसलो.
कुणी सांगितलं नव्हतं.
एक पाय फळीवर, हुक त्याच्यासारखाच तिरका धरलेला,
तारा भराभर ओढत
तीनशे अकरा, तीनशे बारा…
एका घरात दोघी शिरल्या.
मला नाही कळलं.

माग सुरू झाला दुसऱ्या दिवशी.
चादर उतरत होती आणि तिच्यात एक रेघ,
काठापासून वीतभर आत.
वाटलं, खिडकीतल्या उजेडाची असेल.
हात फिरवला.
उजेड हाताला लागत नाही.

नऊ चादरी गेल्या.
शेठनं दोघांच्या मजुरीतून कापले,
सायन्ना म्हणाला, "कापा."

संध्याकाळी त्यानं माझे डोळे टॉवेलनं बांधले.
"बोटाच्या पोटानं नको, नखानं.
फणीवरून ने. जाड लागलं, थांब.
पोकळ लागलं, तरी थांब."
मी भलतीकडंच थांबायचो.
माग बंद झाले, पोरं सायकली घेऊन गेली,
अशोक चौकातला चहावाला किटली विसळून गेला.
मग एकदा नख अडकलं,
दातात तीळ अडकावा तसं.

मला वाटलं, आता तेवढी एक तार काढायची.
तो हसला.
घर तर एकच चुकलं होतं,
पण पुढची प्रत्येक तार शेजारणीच्या घरात राहत होती.
दोन हजार अठ्ठ्याऐंशी.
सगळ्या काढल्या, सगळ्या पुन्हा भरल्या.
तो मागं बसला, मी पुढं.
तो एक एक देत होता.
पहाटे कधीतरी म्हणाला,
"आता बोटं बघनात तुझी."

मग मला घरी नेलं, निजायला.
लक्ष्मम्मानं चादर टाकली,
तिच्यावर मोर, ओळीनं, पिसारे फुललेले,
एकालाही मान नाही.
"जेकारचं पान उलटं बांधलेलं ह्यानं,"
ती म्हणाली, "लग्नाच्या वर्षी.
शेठनं पगारात वळती केली, आख्खी डझनभर.
अकरा वाटल्या."
सायन्ना भिंतीकडं तोंड करून झोपला होता,
किंवा झोपल्यासारखं.
मी ओढून घेतली.
ऊब काही मानेत नसते.

आता पुढं मी बसतो.
मागं इरेश, हत्तुरचा पोरगा,
तार देताना गाणी पुटपुटणारा.
परवा मी चुना शोधत जरा बाजूला झालो
तर हा माझ्या जागेवर, एक पाय फळीवर,
हुक तिरका.
डबी हातातच होती.
मी तंबाखू मळत राहिलो,
नेहमीपेक्षा बराच वेळ.

सायन्नानं त्या दुपारी पाहिलं होतं का?
विचारायचं राहून गेलं.