वरून टाक

आमच्या अंगणवाडीची फरशी
दाराकडे चार बोटं उतरती आहे.
जनता वसाहतीत सगळंच उतारावर :
सांडपाणी, शेळ्या, भांडणं
आणि चेंडू.
दारातून निसटला की बावन्न पायऱ्या,
मग किराणा दुकान, मग थेट कॅनॉल.
जूनपासून तीन गेले.
चौथा मी मोज्यांचा केला,
आत जुनी ओढणी, वरून जाड दोऱ्याची शिवण.
तो घरंगळत नाही, धप्पकन बसतो
जेवूनच जाणाऱ्या पाहुण्यासारखा.

शीलरत्न साडेतीन वर्षांचा.
नाव त्याला दोन मापं मोठं,
शर्टासारखंच.
मणी ओवतो, जीभ बाहेर काढून.
शेंगा फोडून दाणे वाटीत टाकतो,
एकही तोंडात न घालता (मला हे जमत नाही).
बाटल्यांची झाकणं एकावर एक, नऊपर्यंत.
पण चेंडू टाकायला मी हात वर केला
की डोळे गच्च मिटतो,
कोपर कपाळाशी.
चेंडू पोटाला लागून खाली पडतो.
मग एक डोळा किलकिला करून
माझा हात कुठे गेला ते बघतो.
चेंडूचं त्याला काहीच नसतं.

सुपरवायझर बाईंच्या तक्त्यात रकाना आहे :
हात-डोळा समन्वय. हो / नाही.
पेन धरून बसले मी.
समन्वय तर पक्का आहे, बाई.
हात उठतो, डोळे मिटतात.
कुणीतरी घरी रोज सराव घेतंय.

त्या दिवसापासून मी हात खांद्याच्या वर नेला नाही.
फळ्याच्याही खालच्या अर्ध्यातच लिहिलं.
पाय फाकवून समोरासमोर बसलो,
त्याचे तळवे माझ्या पोटऱ्यांना टेकलेले,
आणि चेंडू नुसता ढकलायचा, जमिनीवरून.
तू मला, मी तुला.
पुढे तो खिडकीच्या गजाला नाडीने टांगला.
येतो, जातो, कुणीच फेकत नाही.
शीलरत्न त्याला बुक्के मारायचा,
आधी हवेत, मग कडेला, मग मधोमध.

एकदा त्याची आई न्यायला आली,
सहकारनगरला पोळ्या लाटून, हाताला पीठ.
टांगलेला चेंडू बघत उभी राहिली.
तिच्या केसातलं पीठ झटकायला
मी हात उचलला,
आणि तिचेही डोळे मिटले.
दोघी काहीच बोललो नाही.
तिने चप्पल घातली.

दिवाळी झाली, स्वेटर निघाले.
टेकडीमुळे आमच्याकडे ऊन दहाला येतं,
तोवर पोरं भिंतीला चिकटून बसतात.
काल तो उठला, नाडी सोडायला लावली,
चेंडू माझ्या मांडीत ठेवला.
“वरून टाक.”
फळीवरचा डबा काढावा तसा
मी हळूहळू हात वर नेला.
ओंजळ धरून उभा, डोळे एवढे फाडलेले
की पापणी लवेना.
टाकला.
ओंजळीच्या वरून गेला, नाकावर आपटला.
“लागलं का रे?”
“दिसला,” तो म्हणाला,
आणि चेंडू काढायला कपाटाखाली शिरला.