प्रयोगांची वही

वही माझ्याकडे राहिली, कारण प्रॉम्प्टर मीच.
मासळीच्या कारखान्यातली जुनी आवकवही,
डाव्या पानावर कॉड, क्विंटलमध्ये,
उजव्या पानावर टर्न कोव्हच्या मुलांची नाटकं.

१९७८. 'दीपगृहातलं भांडण'. पात्रं चोवीस.
गावात मुलं इतकी, की लाटाही मुलांच्याच केल्या,
निळ्या चादरीखाली अकरा जण,
आणि पहिल्याच प्रयोगात समुद्राला शिंक आली.

१९८३. 'तीन खलाशी आणि पाद्री'. एकोणीस.
लिअँडर पॉटलची मिशी दुसऱ्या अंकात सुटली.
त्याने ती खिशात घातली, वाक्य पुरं केलं.
तिसरी घंटा त्याच्या आजोबांच्या
मोडीत काढलेल्या होडीवरची.

१९९२. 'मत्स्यराजाचं लग्न'.
तालमी रंगात आल्या होत्या.
जुलैत रेडिओने सांगितलं, कॉड धरायचा नाही.
जेरार्डचे वडील हॉलच्या दारात येऊन उभे राहिले.
समोर मुलगा, मुकुट, पुठ्ठ्याची शेपटी.
कोणी काही बोललं नाही.
वहीत एवढंच आहे:
नेपथ्याची जाळी परत करायला नेली. कोणी घेतली नाहीत.

मग नाटकं आम्ही डोकी मोजून निवडायला लागलो.
चौऱ्याण्णव, नऊ. शहाण्णव, पाच.
त्यात फिलोमिना दोन्ही सख्ख्या बहिणी,
टोपी बदलून स्वतःशीच भांडायची.
पहारेकरी मिळेना,
तेव्हा राजवाडाच गाळला.
पेटीत झगे उदंड, घालायला अंगं नाहीत.

२००३. ब्राइड हाइन्स म्हणाली, पहिलंच करू.
चोवीस पात्रं, अगं!
मी आहे ना, म्हणाली, तू फक्त विंगेत बस.
बसले. गुडघ्यावर टॉर्च.
वादळाच्या प्रवेशात ती अडली.
मी तोंड उघडेपर्यंत
चौथ्या रांगेतून पुढचं वाक्य आलं.
लिअँडर. टक्कल पडलेलं, अल्बर्टाहून सुट्टीवर आलेला,
अठ्ठ्याहत्तरचा तिसरा नावाडी.
मग खिडकीपाशी कोणी,
मग स्वयंपाकघराच्या दारातून पीठभरल्या हाताने कोणी,
आणि लाटांच्या जागी
मागच्या बाकावर कोणीतरी शिंकलं,
अगदी वेळेवर.

ब्राइड सप्टेंबरात गेली. फेरीपर्यंत मीच सोडलं.
'पात्रं'पुढे एक लिहिलं होतं, खोडलं.
ती जागा अजून तशीच आहे.

घंटा मी घरी आणली.
मांजराला जेवायला तिनेच हाक मारते.
पहिल्या टोलाला कान हलवतं, दुसऱ्याला जांभई.
येतं ते तिसऱ्यालाच.