अठरा सह्या

दांडिया बाजारातल्या त्या पाळणाघरात मुलं एकोणीस,
माझ्या पिशवीत संमतिपत्रं एकोणीस,
पुढच्या बाजूला गुजराती, पाठीमागे मराठी.
मुलाचं निरीक्षण केवळ अभ्यासासाठी होईल.
नाव गुप्त राहील.
आपण केव्हाही नकार देऊ शकता.
हे शेवटचं वाक्य मी भरभर उरकायचे,
सुटलेल्या एसटीत कंडक्टरने थांबे सांगावेत तसं.

सह्या दारातच झाल्या, बऱ्याचशा स्कूटर बंद न करता.
हेतवीची आई म्हणाली, "तमे कहो छो ने बेन, बस,"
आणि कागद सीटवर ठेवून सही केली.
मल्हारच्या आजोबांनी घरून चष्मा मागवला,
'निरीक्षण' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली,
मोडीसारखी लपेटेदार सही केली
आणि तारीख मागच्या वर्षाची घातली.
खानविलकर बाईंनी विचारलं, रडली तर तेही लिहिणार?
हो म्हटलं.
त्या पेन हातात धरून
आतून येणारा गलका ऐकत राहिल्या जरा वेळ,
मग कोपऱ्यात बारीकशी सही.

एकोणिसावा कागद चौघडी तशीच ठेवून परत आला.
बाप मकरपुऱ्याला कारखान्यात,
रात्रपाळी उतरून थेट आलेला,
गळ्यात अजून फोटोचं कार्ड.
"माझ्या डोक्यावर बारा तास कॅमेरा असतो, ताई.
पाणी प्यायला उठलो तरी कुठंतरी मिनिटं पडतात.
याला निदान चार वर्षं…"
पुढं काही बोलला नाही.
मग ओशाळून,
"बघू नका असं नाही हं. बघा.
पडला तर उचला.
फक्त लिहू नका."

तेव्हापासून माझी वही अशी:
दहा पाच. हेतवी ठोकळ्यांचा पूल रचते.
दहा दहा. पूल पडतो. हेतवी चिडते. कुणावर, ते नाही.
दहा पंधरा. मल्हार अर्धं बिस्किट पुढं करतो.
घेणारा हात नाही.
दहा वीस. सगळे हसतात.

मार्गदर्शक बाईंनी समासात लाल शाईने विचारलं: कशाला?

खरं सांगते, पेन खाली ठेवलं की
इतकं दिसतं.
अठरा जणांच्या बाबतीत मी घड्याळ बघत होते,
दर पाच मिनिटांनी मान वर, मान खाली.
त्या एकाच्या वेळी हाताला काम नव्हतं.
एकदा तो माझ्यापाशी आला आणि माझ्या मुठीत
काहीतरी ठेवून गेला.
काय ते सांगत नाही.
पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहे अजून.
प्रबंधात नाही, परिशिष्टातही नाही.

या कवितेलाही खरं तर सही घ्यायला हवी होती.
म्हणून इथं त्याचं नाव नाही, सदऱ्याचा रंग नाही,
तो कसा बोलतो तेही नाही,
आणि आतापर्यंत जेवढं आलंय
तेही जास्तच झालंय का, ठाऊक नाही.

शेवटच्या दिवशी बाप गेटपाशी उभा, हातात सेवउसळीचं पार्सल,
पिशवीला रस्सा सुटलेला.
"काय करतो हो आमचा, दिवसभर?"
मी म्हटलं, तुम्हीच सांगितलं होतं ना, लिहू नका.
"लिहू नका म्हटलं," तो म्हणाला,
"सांगू नका कुठं म्हटलं?"

सूरसागरावरून वारा येत होता, हॉर्न वाजत होते,
रस्सा ठिबकून त्याच्या चपलेवर पडत होता,
त्याचं लक्ष नव्हतं.
मी सांगत राहिले.
पूल कुणी पाडला तिथपासून.
बिस्किट.
ते सगळे हसले ते कशाला.
तो मधेच म्हणायचा, "नाही! खरंच?"
आणि पुन्हा सांगायला लावायचा.

अर्धा तास झाला असेल.
वही पिशवीतच होती.
मग त्याने गाडी काढली, पोराला पुढं उभं केलं,
आणि वळणावर पोचल्यावर पोराने मागे