टिंब

औलूमध्ये नोव्हेंबरात तीनलाच दिवस मिटतो.
तीन वाजून दहा मिनिटांनी राइली म्हणाली, "अरे."
एवढंच.
आमच्याकडे याहून मोठ्यानं कुणी बोंबलत नाही.
मी खुर्ची फिरवली.

चार दिवस ती लिहीत होती
सगळ्या शहरात फिरणाऱ्या एकाच भट्टीच्या
ऊन पाण्याचा हिशोब.
कुठल्या इमारतीला किती, उणे वीसला किती,
वृद्धाश्रमाला पहाटे जरासं जास्त.

बोटांना सवय होती टिंबाची.
ॲडपुढचं टिंब म्हणजे सगळं घे.
चेकआउटपुढचं टिंब म्हणजे सगळं टाक.
तेच टिंब, तीच कळ, तीच करंगळीशेजारची बोट.
आणि चेकआउट तरी एका अर्थाचं कुठे?
पुढे ब्रांचचं नाव लिहा, तुम्हाला तिकडे नेतं.
पुढे टिंब द्या, तुमचं लिहिलेलं नेतं.
जा म्हणायला आणि मर म्हणायला
एकच शब्द ठेवलाय कुणीतरी,
बहुधा घाईत, बहुधा रात्री.

त्यानं विचारलं नाही, नक्की ना?
म्हणालं नाही, बाई, चार दिवस आहेत हे.
एका ओळीत कळवलं:
चार फाइली अद्ययावत केल्या.
अद्ययावत!
पाटी पुसायची, आणि वर फडक्याची ही मिजास.

(मला एकदा त्यानं सांगितलं होतं
की माझं शीर धडावेगळं झालंय.
मी मान चाचपली होती. खरंच.)

इर्यो आला, फळ्यावर गोल काढले, बाण काढले.
"आतून फार सोपं आहे, नुसता आलेख."
आतून सगळंच सोपं असतं, इर्यो.
आम्ही बाहेर उभे आहोत.
"पण कमिट का नाही केलंस?"
"अर्धवट होतं," राइली म्हणाली,
आणि मफलर उगाच नीट केला.

मग सगळ्या खिडक्यांच्या खाली
एडिटरची एक उघडी राहिलेली खिडकी सापडली.
साधा, जुना एडिटर. त्यानं विचारलं:
फाइल बाहेरून बदलली आहे.
नवी वाचू, की तुमची ठेवू?

राइलीनं दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले,
गरम तव्यावरून उचलावेत तसे.
दुपारपासून पहिल्यांदाच कुणी तिला विचारत होतं.
"माझी," ती मोठ्यानं म्हणाली,
मग माउसनं, हळूच, तेच.

चारातली एक वाचली.
उरलेल्या तीन तिनं आठवून लिहिल्या.
वृद्धाश्रमाचा आकडा आठवेना, तेव्हा
तिथल्या रात्रपाळीच्या बाईंना फोन केला:
पहाटे पाय गार पडतात का हो लोकांचे?

नऊला कमिट. संदेशाच्या जागी
तिनं फक्त एक टिंब ठेवलं.

सकाळी तिच्या डेस्कटॉपवर एक फोल्डर होतं,
"हिशोब शेवटचा २".
इर्योनं ते पाहिलं.
पंधरा वर्षं तो याच्याविरुद्ध भाषणं देत आलाय.
काही बोलला नाही,
कॉफी ठेवून गेला.